तिन्हीसांजेला गाडीचे दिवे

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण भिंगरी काही सुटली नाही. जेवताना मी तीनदा उठते. सिनेमा बघताना मध्येच कपड्यांच्या घड्या घालते. नवरा म्हणतो, तुला झोपेत पण कुठेतरी जायचं असतं. जायचं असतंच. न जाऊन सांगते कुणाला, घरातली सगळी कामं माझी वाट बघत बसलेली असतात.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. आमच्या संसाराची निम्मी भांडी कायम खोक्यात असतात, कारण कधी बदलीचा कागद येईल सांगता येत नाही. दिल्लीत मात्र आम्ही बरीच वर्षं टिकलो, द्वारकेत घर घेतलं, आणि मग त्याची एकट्याची बदली झाली ईशान्येकडे. मी म्हटलं, तू जा, मी आता हलणार नाही. मी, जिला एका जागी बसवत नाही, ती हे म्हणाली. तो हसला आणि गेला.

मी हलणार नव्हते त्याला कारण होतं. माझा डब्यांचा धंदा. महाराष्ट्रातल्या गावागावांतून मुलं-मुली इथे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला येतात, राजेंद्रनगरच्या कोंदट खोल्यांत राहतात आणि रोज तेच राजमा-चावल खाऊन रडकुंडीला येतात. कुणीतरी एकदा माझ्या हातची आमटी खाल्ली आणि तिथून सुरू झालं. रात्रीचा डबा: पोळ्या, भाजी, आमटी-भात, कधी झुणका, शनिवारी काहीतरी गोड. आधी भाड्याच्या टेम्पोतून पाठवायचे. टेम्पोवाला आज येतो, उद्या येत नाही. शेवटी वैतागून एक जुनी पिकअप घेतली. पुढे माणसं बसायला दोन रांगा आणि मागे उघडा हौदा. तो हौदा झाकायला ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली माझे डब्यांचे क्रेट.

गाडी विकणारा गुडगावचा एक हौशी माणूस होता. गाडी देताना त्याचा जीव तुटत होता. "मॅडम, इसमें लाइट तक खुद जलती है," असं तो दोनदा म्हणाला. स्टिअरिंगच्या शेजारच्या दांडीवर ऑटो असं लिहिलेलं होतं, तिथे स्विच ठेवला की अंधार पडल्यावर हेडलाइट आपोआप लागायचे आणि उजाडल्यावर आपोआप विझायचे. मला काय, मला बरंच वाटलं. एक काम कमी.

माझ्या सासूबाई मागल्या पावसाळ्यात गेल्या. सासरे साताऱ्याला एकटे कसे राहणार, म्हणून आम्ही त्यांना इथे घेऊन आलो. मी त्यांना बाबा म्हणते. पंच्याहत्तरी पार केलेली, अंगाने काटक, पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी झाली आणि त्यातली निम्मी कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्यावर जीप चालवण्यात. इथे आल्यावर पहिला महिना ते नुसते बाल्कनीत बसून होते. आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात. ते एकेक विमान दिसेनासं होईपर्यंत बघायचे आणि मग पुढच्याची वाट बघायचे. अर्धी पोळी खायचे. विचारलं तर म्हणायचे, "भूक नाही गं." मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी ठेवलेला ड्रायव्हर आला नाही. डबे भरलेले, पोरं उपाशी, मी ओट्यापाशी अडकलेली, कारण सोसायटीतल्या घरांचे डबे त्याच वेळेला निघतात. मी फोनवर ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत होते. बाबा उठले, फ्रिजवरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "मला रस्ता सांग." मी नको नको म्हणेपर्यंत ते लिफ्टमध्ये होते.

त्या दिवसापासून संध्याकाळची फेरी त्यांची झाली. पोरं त्यांना आजोबा म्हणायला लागली. घरी आल्यावर त्यांच्याकडे बातम्या असायच्या: कुणाला सर्दी झालीय, कुणाची पूर्व परीक्षा निघाली, कुणाच्या घरमालकाने पाणी तोडलं. वाशिमकडची एक मुलगी होती, ती त्यांना कालव्यांचे आणि पाणीवाटपाचे प्रश्न विचारायची, मुख्य परीक्षेसाठी. ते गाडीला टेकून तिला समजावून सांगायचे. आल्यावर दोन पोळ्या खायचे, वर भात. मी मनात म्हणायचे, गाडीचे पैसे वसूल.

दिवाळी झाली आणि पंधरा-वीस दिवसांनी त्या वाशिमच्या मुलीचा फोन आला. "काकू, एक सांगू का, रागावणार नाही ना?" असं म्हटलं की मी आधीच रागावते. ती म्हणाली, "आजोबा येतात तेव्हा गाडीचे लाइट बंद असतात. आज तिसऱ्यांदा बघितलं. अंधार असतो हो काकू."

बाबा आल्याबरोबर मी विचारलं. ते बूट काढता काढता म्हणाले, "ऑटोवर आहे की. मी हात लावत नाही त्याला."

"मग बंद कसे?"

"बंद नसतील. डॅशबोर्ड पेटलेला असतो, पुढे ती बारीक पट्टी पेटलेली असते. मला तर सगळं दिसतं."

हे खरं होतं. त्या गाडीला पुढे दिवसाही पेटणारी एक बारीक पांढरी पट्टी आहे, आणि दिल्लीच्या मोठ्या रस्त्यांवर खांबांचा एवढा उजेड असतो की हेडलाइट गेले तरी चालवणाऱ्याला पटकन कळत नाही. पण मागचे लाल दिवेही बंद राहतात, आणि मागून येणाऱ्याला कळतं ते फार उशिरा. चार दिवसांनी तेच झालं. रिजच्या रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि खांब कमी, एक स्कूटरवाला मागून हौद्याला घासून गेला. मागचा एक दिवा फुटला, स्कूटरवाल्याचं कोपर सोलवटलं. बाबांनी स्वतःच येऊन सांगितलं, काही लपवलं नाही. "तो ओरडला, अंकल बत्ती तो जलाओ. मी बघितलं, स्विच ऑटोवरच होता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

मग मी त्या गाडीच्या मागे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ शिजायला लावली आणि गाडीचं जाडजूड पुस्तक घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. पुस्तकात लिहिलं होतं की पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डच्या मधोमध, एक काळा गोल उंचवटा असतो, अर्ध्या सुपारीएवढा. तो सेन्सर. बाहेर उजेड आहे की अंधार हे गाडीला तो सांगतो. पिकअप सोसायटीच्या बाहेर भर उन्हात आणली, ऑटोवर ठेवली आणि त्या सुपारीवर घडी घातलेला नॅपकिन टाकला. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवर दोन्ही हेडलाइटचे गोळे पडले. नॅपकिन काढला, विझले. मग गाडी तळघरातल्या पार्किंगच्या अंधारात नेली, दिवे लागले. सुपारीवर मोबाइलचा टॉर्च धरला, विझले. टॉर्च काढला, लागले. एकदम शहाणी गाडी.

मी फ्यूज बघितला. काच आतून-बाहेरून पुसली, कारण नोव्हेंबरात दिल्लीच्या काचेवर जे बसतं त्याला धूळ म्हणणं म्हणजे धुळीचा अपमान. स्विचची दांडी दहा वेळा मागेपुढे केली. कुठे काही नाही. त्या संध्याकाळी ओटा सोसायटीतल्या मैत्रिणीच्या हवाली केला आणि डबे घेऊन मी स्वतः गेले. पालमच्या अलीकडेच दिवे आपोआप लागले ते राजेंद्रनगरपर्यंत लागलेलेच.

गॅरेजवाल्याने गाडीला त्याचा कॉम्प्युटर जोडला, फुटलेला मागचा दिवा बदलला आणि मान हलवली. "गाड़ी बिल्कुल ठीक है मैडम. अंकल जी की उम्र क्या है?"

मला असा संताप आला. तुला काय करायचंय वयाशी, तू वायरी बघ, असं हिंदीत काय म्हणतात ते सगळं मी त्याला म्हणाले. पण घरी येताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण गाडी माझ्या हातात नीट चालत होती आणि त्यांच्या हातात नाही. मधे दुसरं काय होतं? तेच होते.

रात्री नवऱ्याचा फोन आला. माझे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर. तो सगळं ऐकून म्हणाला, "आत्याचं आठवतं ना तुला? सुरुवात अशीच झाली होती. बारीकसारीक. स्विच, नळ, किल्ल्या. आपण हसत होतो." त्याची आत्या शेवटी स्वतःच्या मुलाला पोस्टमन समजायची. "बाबांच्या हातून उद्या कुणी माणूस गेलं तर? किल्ली काढून घे. मी डॉक्टरची वेळ घेतो, स्मरणशक्तीच्या तपासणीची."

मी वळले तर बाबा दारात उभे. किती वेळ उभे होते देव जाणे.

मी काही बोलायच्या आत ते फ्रिजपाशी गेले, खिशातून किल्ली काढून वर ठेवली. "मीच फिरवला असेल स्विच," ते म्हणाले. "आठवत नाही."

एवढंच. मी त्यांच्याशी भांडायची सगळी तयारी केली होती. ते भांडले असते तर बरं झालं असतं. 'मी हात लावला नाही' म्हणणारा माणूस 'आठवत नाही' म्हणाला, मग भांडणार कुणाशी?

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला बघवेना. बाबा रात्री झोपायच्या आधी स्वतःचं दूध स्वतः तापवतात, त्यांची जुनी सवय. आता ते दूध तापवायचे, गॅस बंद करायचे, खोलीत जायचे आणि परत यायचे. बटण हाताने चाचपायचे. पुन्हा जायचे. पुन्हा यायचे. "गॅस बंद केला का गं मी?" नळ तेच. दाराची कडी तेच. सकाळची गोळी घेतली की नाही, हे मला विचारायचे. एकदा लिफ्टमधून परत वर आले, चपला घातल्या आहेत ना, हे बघायला. त्या पायातच होत्या. पूर्वी हा माणूस धरणातून किती पाणी सुटतंय ते नुसतं बघून सांगायचा. आता ते परत बाल्कनीत, परत विमानं, परत अर्धी पोळी.

आणि मी फेऱ्या मारत होते. ओट्यावरची मैत्रीण मिठाचा अंदाज चुकवत होती, मी राजेंद्रनगरच्या गल्लीत पिकअप लावताना दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते, आणि पोरं विचारत होती, "आजोबा का नाही आले?" मी गुडघा दुखतोय म्हणायचे. कुणाचा ते सांगायचे नाही. दिवे रोज आपोआप लागायचे, वेळेवर, मला चिडवल्यासारखे. एकदा तरी बिघडा रे, असं मी त्यांना मोठ्याने म्हणाले. सिग्नलला शेजारी उभा असलेला रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला.

डिसेंबरात वाशिमच्या मुलीचा फोन आला. ती मुख्य परीक्षा पास झाली होती, मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. "काकू, पाण्यावरचा प्रश्न आला होता. आजोबांनी सांगितलं होतं तसाच्या तसा. उद्या त्यांना घेऊनच या. पेढे त्यांच्या हातात द्यायचेत."

बाबा म्हणाले, "मी येऊन काय करू? नुसतं बाजूला बसून?"

"हो, नुसतं बाजूला बसा. मला जमत नाही ते तुम्हाला तरी जमू दे," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. पण ते उठले. इस्त्रीचा शर्ट घातला, वर जाकीट. निघताना दाराची कडी दोनदा ओढून बघितली.

गाडीत ते हात मांडीवर ठेवून बसले होते, कुणाच्या तरी घरी पाहुणे गेल्यासारखे. धुक्यामुळे पालमच्या आधीच हेडलाइट लागले. धौला कुआँच्या उड्डाणपुलांचा गुंता पार केला, रिजच्या रस्त्याला लागलो. सूर्य कुठे होता आणि कधी गेला कळलंच नाही, नुसता राखाडी उजेड काळा होत गेला. बाबांनी बाहेर बघितलं. झाडांकडे बघितलं. मग जाकिटाच्या खिशात हात घातला आणि काहीतरी काढून त्याचं बटण दाबलं.

बॅटरीवरची पणती होती. पारदर्शक प्लॅस्टिकची, खालून पोकळ, आत बारीक पण झगझगीत दिवा. मी ओळखली. दिवाळीच्या फराळाच्या डब्यांबरोबर भेट द्यायला मीच मागवल्या होत्या, आणि काही उरल्या होत्या. बाबांनी हात लांब करून ती डॅशबोर्डच्या मधोमध ठेवली, हात जोडले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. घरोघरी तिन्हीसांजेला दिवा लावून म्हणतात ते.

माझं लक्ष रस्त्यावर होतं, म्हणून नीट दिसलं. पुढच्या झाडांचे बुंधे होते ते गेले. रस्त्याची पांढरी रेघ गेली. मी इंडिकेटर दिला आणि गाडी हळूहळू डावीकडे घेऊन थांबवली.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"लाइट गेले."

त्यांनी जोडलेले हात पटकन मांडीवर घेतले. "मी हात लावला नाही हां," ते म्हणाले. लहान मुलासारखे म्हणाले. "इथून स्विच लांब आहे. तूच बघ, मी इकडे बसलोय."

मी बघत होते. पण त्यांच्याकडे नाही, पणतीकडे. ती घसरत नव्हती, हलत नव्हती, मी एवढी गाडी वळवली तरी जागची ढळली नव्हती. कारण ती त्या काळ्या सुपारीवर टोपीसारखी बसली होती.

मी ती उचलली. दोघं समोर बघत राहिलो. थोड्या वेळाने दिवे लागले, बुंधे परत आले. मी पणती परत ठेवली. वाट बघितली. विझले. उचलली. लागले.

"हे काय आहे?" बाबा म्हणाले.

मी सांगितलं. ती सुपारी म्हणजे गाडीचा डोळा. तिच्यावर उजेड पडला की गाडीला वाटतं दिवस आहे. तुम्ही अंधार पडल्या पडल्या तिच्या डोळ्यावर दिवा ठेवता, मग ती म्हणते, लख्ख ऊन पडलंय, मला कशाला लाइट लावायला सांगता.

"पण मला वाटलं ती जागा देवासाठीच केलीय," ते म्हणाले. "बरोबर मधोमध. आणि पणती कशी घट्ट बसते बघ. मी म्हटलं, कंपनीने काय विचार केलाय."

मला हसू आलं. असं आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते हसण्याचंच आहे की नाही ते मला कळेना. "बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मी किती वेळा विचारलं, कशाला हात लावता म्हणून."

"यात काय सांगायचं?" ते म्हणाले. खरंच त्यांना कळत नव्हतं. "तू स्विचचं विचारत होतीस. दिवा तर लावतातच की संध्याकाळी. पोचलो की काढून खिशात ठेवायचो."

म्हणून घरी परत येताना गाडीचे दिवे लागलेले असायचे आणि राजेंद्रनगरला पोचताना नाही. म्हणून दिवाळीनंतर सुरू झालं. आधी पणती नव्हती, आणि दिवस मोठा होता तेव्हा ते उजेडातच पोचायचे. सगळं सरळ होतं, एखादं पोर सोडवील असं.

ते पणतीकडे बघत होते. "तुझ्या सासूने एक संध्याकाळ चुकवली नाही," ते म्हणाले. "मी कुठल्या कुठे असायचो, कालव्यावर, धरणावर, कधी जीप चिखलात रुतलेली. पण दिवस मावळला की वाटायचं, घरी दिवा लागला असेल. आता घरी कोण लावणार? तू त्या वेळेला गॅसपाशी. मी रस्त्यावर. म्हटलं, मी असेन तिथे लावावा."

बाजूने गाड्या जात होत्या, एकेकीचा उजेड त्यांच्या तोंडावरून सरकत होता.

मग ते म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही बाबा."

"स्विच मी फिरवला नव्हता."

"नाही."

त्यांनी माझ्या हातातली पणती घेतली. म्हणाले, "मग मी तसं का म्हणालो?"

आम्ही सगळे म्हणत होतो म्हणून, हे त्याचं उत्तर होतं. मला नवऱ्याचा राग आला, त्या गॅरेजवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. जगातल्या प्रत्येक कामाला उठून धावणारी मी, या माणसाच्या शेजारी एक संध्याकाळ बसले नव्हते. बसले असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

"चला," मी म्हटलं, "पेढे वाळतील."

त्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातात खोका दिला. मग पोरं जमली आणि आजोबांनी गाडीला टेकून सगळी हकिगत सांगितली, पणती हातात धरून, विझवून-पेटवून. मी डबे उतरवत होते. पोरं खो खो हसत होती. त्यांच्यातला परभणीचा एक मुलगा म्हणाला, "आजोबा, आमची अम्मी पण मगरिबच्या आधी पोर्चचा दिवा लावायला लावते. ती पण गाडीत ठेवील हो." बाबांनी त्याला दोन पेढे दिले.

परत निघताना मी चालकाच्या दाराशी गेले, तर बाबा तिथे आधीच उभे. हात पुढे केलेला. मी किल्ली दिली. त्यांनी सीट मागे घेतली, आरसा खाली केला, स्विच ऑटोवर आहे ना ते बघितलं. पणती अजून पेटलेली होती. मी गिअरजवळच्या खोबणीकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "तिथे लोक थंड्याची बाटली ठेवतात. देवाला तिथे?" आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली. रिजच्या रस्त्यावर पुढे दोन्ही हेडलाइटचा उजेड होता आणि आत त्यांच्या छातीपाशी थोडासा. ते जपून चालवत होते, वळणाला लांबून इंडिकेटर देत होते. मी, आयुष्यात पहिल्यांदा, बाजूच्या सीटवर काहीही न करता बसले.

घरी आल्यावर नवऱ्याचा फोन. सगळं ऐकून तो आधी हसला, मग म्हणाला, "तरी पण, वय झालंय ना त्यांचं. डॉक्टरची वेळ घेतलीय ती तशीच राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं. "वय झालंय ते मला दिसतंय. वयाला कोण नाही म्हणतंय. पण किल्ली त्यांच्याकडे राहील, आणि डॉक्टरकडे ते स्वतः गाडी चालवत येतील. तुला काही म्हणायचं असेल तर इथे ये आणि त्यांच्या तोंडावर म्हण."

मी दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडत टेबलाशी बसले होते. बाबा स्वयंपाकघरात गेले. दूध तापल्याचा आवाज आला, मग गॅसचं बटण फिरवल्याचा. कप घेऊन ते माझ्या समोरून त्यांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी वाट बघितली. ताटातले तांदूळ इकडचे तिकडे केले. दार उघडलं नाही. आतला दिवा बंद झाला.

मला उठून बटण बघायचं होतं. निम्मी उठलेही होते. मग परत खाली बसले आणि राहिलेले तांदूळ निवडले.